हौसेला मोल नसते

एका कादंबरीमालिकेच्या वाचकांनी मिळून रचलेल्या कोशासाठी मी सलग सहा वर्षे लिहीत होते. मालिकेतील प्रत्येक घराण्याची वंशावळ, प्रत्येक गावाचे नकाशावरील स्थान, पात्रांच्या तोंडी येणाऱ्या जुन्या म्हणींचे अर्थ असे सारे त्या कोशात होते; आणि तिसऱ्या भागातील वेढ्याची तिथी पाचव्या भागातील उल्लेखाशी का जुळत नाही, याची एक लांबलचक नोंदही होती. ती नोंद माझी होती. ती लिहिण्यासाठी मी पाचही भाग हातात पेन्सिल घेऊन नव्याने वाचले, चंद्राच्या कलांचे उल्लेख वेगळ्या वहीत उतरवून घेतले आणि त्यांवरून दिवस मोजले. नोंद प्रसिद्ध झाली त्याच रात्री दूरदेशीच्या एका अनोळखी वाचकाने पहिल्या भागातील एक वाक्य दाखवून माझा सगळा हिशोब मोडीत काढला. तेव्हा झाला तितका निखळ आनंद मला पगाराच्या कोणत्याही कामात झालेला नाही.

पुढे तो कोश ज्या संकेतस्थळावर होता त्याची मालकी एका मोठ्या कंपनीकडे गेली. आधी पानांच्या कडेला जाहिराती आल्या, मग त्या मजकुराच्या मधोमध येऊ लागल्या, आणि एके दिवशी वंशावळीच्या पानावर कोणी न मागता एक चित्रफीत आपोआप सुरू होऊ लागली, जिच्यात मालिकेविषयीच्या ढोबळ चुका होत्या. आम्ही तक्रार केली; उत्तर नम्र आले, पण बदलले काहीच नाही. मग आम्ही पहिल्यांदाच परवान्याच्या अटी नीट वाचल्या. मजकूर मुक्त परवान्याखाली होता. श्रेय देऊन आणि तोच परवाना कायम ठेवून तो कोणालाही कुठेही नेता येत होता. पंधरा-वीस जणांनी दोन महिने खपून सगळी पाने नव्या पत्त्यावर उतरवली. तरी जुना पत्ता कंपनीकडेच राहिला, त्यावरची जुनी प्रतही तशीच राहिली, आणि शोधयंत्रात मालिकेचे नाव टाकणाऱ्याला आजही आधी तीच दिसते, कारण सहा वर्षांत वाचकांनी जिथे जिथे दुवे दिले ते सगळे त्या जुन्या पत्त्याकडे जातात. मजकूर आमचा होता, पण त्याच्याकडे येणारी वाट आमची नव्हती.

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. हौस असली की माणूस खर्चाकडे पाहत नाही, हा त्याचा रूढ अर्थ. त्या दोन महिन्यांत मला त्याच शब्दांचा दुसरा अर्थ दिसू लागला. हौसेने केलेल्या कामाची किंमत कोणी ठरवलेलीच नसते, आणि ज्याची किंमत ठरलेली नाही ते फुकट आहे असे समजून उचलणारा कोणीतरी भेटतोच. चाहत्यांच्या समुदायावर उभा राहणारा व्यवसाय या दोन्ही अर्थांवर एकाच वेळी चालतो, कारण चाहता खर्च करताना हात आखडता घेत नाही आणि काम करताना मोबदला मागत नाही. त्याच्या खर्चाविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला त्याच्या कामाविषयी लिहायचे आहे.

‘ग्राहक’ या शब्दाच्या मुळाशीच घेणे आहे. चाहता मात्र प्रामुख्याने देणारा असतो. तो नवख्याला हाताशी धरतो, चुका दुरुस्त करतो, भाषांतर करतो, आपल्या आवडीची गोष्ट दहा जणांना आग्रहाने दाखवतो, आणि ती बंद पडायची वेळ आली तर तिच्यासाठी भांडतो. १९६७–६८च्या हिवाळ्यात ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका बंद होण्याच्या बेतात असताना प्रेक्षकांनी एनबीसी या अमेरिकी वाहिनीकडे पत्रांचा इतका ढीग लावला, की मालिका पुढे सुरू राहणार असल्याचे वाहिनीला मार्च १९६८ मध्ये थेट प्रसारणातून जाहीर करावे लागले. ती मोहीम बिजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने आपल्या घरातून चालवली होती. मालिकेला त्यामुळे तिसरे वर्ष मिळाले. एखाद्या निर्मितीचे आयुष्य तिच्या मालकाबाहेरच्या लोकांच्या श्रमावर वाढू शकते, हे तेव्हापासून उघड आहे. बदलले आहे ते एवढेच, की त्या श्रमाची वाट न पाहता त्याची आखणी आता आधीच केली जाते.

सगळ्या आखण्या सारख्या नसतात, हेही सांगितले पाहिजे. २००८ साली केव्हिन केली या अमेरिकी लेखकाने एक साधा हिशोब मांडला होता. एखाद्या कलावंताला एक हजार निष्ठावान चाहते मिळाले आणि प्रत्येकाकडून वर्षाला शंभर डॉलर उरले, तर त्याला जगण्यापुरते उत्पन्न मिळते, त्यासाठी लाखोंच्या लोकप्रियतेची गरज नसते. २०१३ साली सुरू झालेले पॅट्रिऑन हे संकेतस्थळ याच विचाराच्या जवळचे आहे. इथे चाहता पैसे देतो, कलावंत काम करतो, आणि मधला आपला वाटा आधी सांगून घेतो. या व्यवहारात मला काहीच खटकत नाही. अनेक चित्रकार, ध्वनिकथाकार आणि संशोधक यामुळेच टिकून आहेत, आणि मीही त्यांतील दोघांना दरमहा पैसे पाठवते. व्यवहार गुंतागुंतीचा होतो तो कलावंताच्या कामाऐवजी चाहत्यांचे एकमेकांशी असलेले नातेच विक्रीला ठेवले जाते तेव्हा.

याचे सर्वांत विकसित रूप दक्षिण कोरियाच्या संगीत उद्योगात पाहायला मिळते. तिथे गाणी ऐकण्यासाठी सीडीची गरज कोणालाच उरलेली नसताना २०२३ साली अल्बमच्या दहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एकच अल्बम वेगवेगळ्या वेष्टनांत निघतो आणि प्रत्येक प्रतीत गटातील कोणा एका सदस्याचे छोटे छायाचित्र असते. ते कोणाचे निघेल हे प्रत उघडेपर्यंत कळत नाही. स्वाक्षरीच्या कार्यक्रमाला कोणाला बोलवायचे हे बऱ्याचदा सोडतीने ठरते, आणि जितक्या प्रती घ्याव्यात तितक्या सोडतीत चिठ्ठ्या पडतात. साहजिकच चाहते एकत्र येऊन मागणी नोंदवतात, छायाचित्रांची आपसांत अदलाबदल करतात, आणि उरलेल्या प्रतींचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्याच घरात साचत जातो. २०२१ साली चाहत्यांनीच ‘केपॉपफॉरप्लॅनेट’ नावाचा गट काढून कंपन्यांकडे हा कचरा कमी करण्याची मागणी केली. ज्यांना या उद्योगात नुसते खरेदीदार मानले जाते, त्यांनीच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी अंगावर घ्यावी, हे मला फार लक्षणीय वाटले.

पण प्रतींची विक्री ही त्यातली दिसणारी बाजू झाली. त्या संगीताला कोरियन न येणारे जग मिळवून दिले ते भाषांतर करणाऱ्या चाहत्यांनी. मुलाखत प्रसारित झाली की काही तासांत तिची इंग्रजी, स्पॅनिश, अरबी, इंडोनेशियन भाषांतरे तयार होत. शब्दखेळ, आदरार्थी संबोधने, प्रादेशिक बोली यांवर तळटीपा असत. मी अशा टीपा पाहिल्या आहेत, आणि चांगल्या संपादकाला अभिमान वाटावा असे ते काम आहे. हे सगळे जिथे जिथे विखुरलेले होते तिथून ते एका छताखाली आणण्यासाठी बिग हिट या कंपनीने २०१९ साली ‘वीव्हर्स’ हे ॲप आणले. तिथे कलावंताचे संदेश, चाहत्यांच्या गप्पा, सशुल्क सदस्यत्व आणि दुकान यांच्यात एका बोटाचे अंतर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली, त्याआधी तिच्या संस्थापकाने बीटीएस या तिच्या गाजलेल्या गायकगटाच्या सातही सदस्यांना आपले काही शेअर दिले होते. त्या सात जणांच्या कष्टाची ती रास्त दखल होती, असे मी मनापासून मानते. रात्र जागून भाषांतर करणाऱ्यांनाही शेअर द्यायला हवे होते, असा माझा दावा नाही. पण कंपनीची किंमत ठरवताना ‘समर्पित चाहतावर्ग’ हा मालमत्तेसारखा मोजला जातो, आणि त्या समर्पणामागची माणसे मात्र मोजणीत कुठेच येत नाहीत, हे मला विसरता येत नाही.

मग चाहत्यांना पैसे द्यावेत म्हणजे प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. मलाही बरीच वर्षे तसे वाटत होते. एप्रिल २०१५ मधील एका घटनेने माझे मत डळमळीत केले. संगणकीय खेळांचे चाहते मूळ खेळात भर घालणारे ‘मॉड’ तयार करतात: नवे पोशाख, नवी गावे, कधीकधी नवी कथानकेसुद्धा. ते फुकट वाटले जातात. खेळांचे ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्ह आणि ‘स्कायरिम’ हा खेळ काढणारी बेथेस्डा या दोन कंपन्यांनी त्या खेळाचे मॉड विकण्याची सोय २३ एप्रिलला सुरू केली. विक्रीच्या रकमेतील २५ टक्के मॉड करणाऱ्याला, ४५ टक्के बेथेस्डाला आणि ३० टक्के व्हॉल्व्हला अशी वाटणी होती. विरोधाच्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि २७ तारखेला ही सोय मागे घेतली गेली.

वाटणी अन्यायाची होती यात शंका नाही. तरी त्या चार दिवसांत जो खरा पेच उघडा पडला तो टक्केवारीचा नव्हता. एकाचा मॉड दुसऱ्याच्या मॉडवर उभा असतो. कोणी हालचालींचा सांगाडा तयार करून ठेवलेला असतो, कोणी त्यावर मासे पकडण्याची क्रिया बसवतो, तिसरा तळी आणि नद्या रचतो. फुकट वाटप चालू होते तोवर या ऋणाची कोणाला अडचण नव्हती, श्रेयाची एक ओळ पुरत होती. किंमत लागताच आपले काम कुठे संपते आणि शेजाऱ्याचे कुठे सुरू होते, हे ठरवण्याची पाळी आली, आणि वर्षानुवर्षे एकमेकांना मदत करणारी माणसे एकमेकांवर चोरीचे आरोप करू लागली. विकण्याची सोय करणाऱ्यांनी मॉडची किंमत पाहिली होती, पण मॉड ज्या देवाणघेवाणीतून तयार होतात तिच्यात पैसा आल्यावर काय होईल, हे पाहिले नव्हते. आमच्या कोशाला प्रत्येक नोंदीमागे चार पैसे मिळू लागले असते, तर माझी चंद्रकलांची नोंद एका वाक्याने मोडणाऱ्या त्या वाचकाचे मी त्याच आनंदाने आभार मानले असते का, हा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला आहे, आणि उत्तराची मला खात्री नाही.

ग्रेटफुल डेड या अमेरिकी वाद्यवृंदाला हे फार आधी उमगले होते. त्यांच्या मैफली ध्वनिमुद्रित करणाऱ्या श्रोत्यांसाठी १९८४ पासून त्यांनी स्वतंत्र जागा राखून ठेवली. मुद्रण करा, एकमेकांना द्या, मात्र विकू नका, एवढाच नियम होता. त्या फितींमुळे नवे श्रोते मैफलींना येत राहिले आणि वाद्यवृंदाचा धंदाही उत्तम चालला. जे वाटण्यासाठी तयार झाले ते वाटण्याच्याच रीतीत राहू द्यायचे आणि आपली कमाई दुसऱ्या ठिकाणी करायची, ही त्यातली समज मला आजच्या बहुतेक योजनांपेक्षा मोठी वाटते.

याचा अर्थ हौशी कामाला कधीच मोबदला मिळू नये असा होत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मुळात मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी १९९९ मध्ये केलेला मॉड होता; पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हने त्याचे हक्क घेतले आणि दोघांना कामावरही घेतले. लेगोची गोष्ट तर याहून विचार करण्यासारखी आहे. १९९८ साली त्यांनी यंत्रमानव बांधण्याचा संच काढला आणि काही आठवड्यांतच चाहत्यांनी त्याची आतली संगणकीय रचना उलगडून दाखवली. कंपनीत आधी कायदेशीर कारवाईचा विचार झाला, पण शेवटी अशा फेरफाराची मुभा परवान्यातच लिहून दिली गेली. त्यातूनच प्रौढ चाहत्यांकडे पाहण्याची कंपनीची नजर हळूहळू बदलत गेली. आज ‘लेगो आयडियाज’ या उपक्रमात कोणीही आपली रचना मांडू शकतो. तिला दहा हजार जणांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तिचा विचार करते, आणि संच बाजारात आला तर रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम आणि पुस्तिकेत श्रेय मिळते. एक टक्का थोडाच आहे. दहा हजारांचा पाठिंबा गोळा करणारा चाहता कंपनीसाठी बाजाराची चाचपणी आणि जाहिरात दोन्ही फुकट करत असतो, आणि पाठिंबा मिळवूनही बहुतेक रचना नाकारल्याच जातात. इतके सगळे मान्य करूनही कंपन्यांनी चालवलेल्या योजनांत मला ही बरी वाटते, कारण काय द्यायचे, काय मिळणार आणि नकार कोण देणार हे आधीच लिहिलेले असते.

चाहत्यांनी स्वतः लिहिलेल्या कथांच्या बाबतीत मात्र गोष्ट वेगळ्या दिशेने गेली, आणि तिच्याविषयी मला सर्वांत जास्त आस्था आहे. मे २००७ मध्ये ‘फॅनलिब’ नावाची कंपनी अशा कथांचा जाहिरातींवर चालणारा साठा उभारत होती. कायदेशीर जोखीम लेखकांवर, उत्पन्न कंपनीला, असा तिच्या अटींचा रोख होता. ज्या लेखकांनी (त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती) तीस-चाळीस वर्षे टंकलिखित अंकांपासून हे लेखन जिवंत ठेवले होते, त्यांना न विचारताच त्यांच्या वतीने व्यवसाय मांडला जात होता. त्यांनी नुसता निषेध केला नाही. सर्व्हर आपल्या मालकीचे असले पाहिजेत, असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. फॅनलिब २००८ मध्ये बंद पडली. नोव्हेंबर २००९ मध्ये संस्थेचे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांच्या कथांचे संकेतस्थळ लोकांसाठी खुले झाले, आणि २०१९ साली त्याला विज्ञानकथांच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आज तिथे एक कोटीहून अधिक रचना आहेत, जाहिरात एकही नाही, आणि खर्च वाचकांच्या देणग्यांतून भागतो. अ‍ॅमेझॉनने मूळ हक्कदारांशी करार करून, लेखकांना मानधन देऊन, २०१३ मध्ये याच क्षेत्रात ‘किंडल वर्ल्ड्स’ सुरू केले होते. तिथे लेखकाने निर्माण केलेले नवे पात्र, त्या लेखकाला वेगळा मोबदला न देता, मूळ हक्कदाराला वापरता येत असे. २०१८ मध्ये ते बंद झाले आणि तिथल्या कथा विक्रीतून गेल्या.

आर्काइव्हचे चित्र गुळगुळीत करून दाखवण्याची माझी इच्छा नाही. स्वयंसेवक थकतात, तक्रारींचा निपटारा रेंगाळतो, आणि सर्व्हर कोलमडला की तो उभा करणाराही दिवसभर नोकरी करून आलेला असतो. कंपनीकडे पगारी माणसे असतात, जागा विकत घेण्याइतका पैसा असतो, आणि आमच्या कोशाला सहा वर्षे फुकट निवारा देणारीही शेवटी एक कंपनीच होती. तो निवारा कशाच्या बदल्यात होता हे आम्ही विचारले नाही, हा आमचाही दोष आहे.

अधिकार विकत मिळतो की हक्काने, याचा फरक फुटबॉलमध्ये स्वच्छ दिसतो. २०१९ पासून काही मोठे क्लब चाहत्यांना डिजिटल टोकन विकतात, ज्यांच्या जोरावर काही निर्णयांत मत देता येते. युव्हेंटस या इटालियन क्लबच्या टोकनधारकांनी अगदी सुरुवातीला दिलेला कौल गोल झाल्यावर कोणते गाणे वाजवावे याविषयी होता. टोकनचा भाव बाजारात वरखाली होतो, म्हणजे क्लबवरच्या प्रेमाला सट्ट्याचीही जोड मिळते. जर्मनीत १९९८ पासूनच्या नियमानुसार, काही अपवाद वगळता, क्लबमधील पन्नास टक्के अधिक एक इतकी मते सदस्यांच्या संघटनेकडे राहावी लागतात. गुंतवणूकदार कितीही मोठा असला तरी सदस्यांना डावलून त्याला निर्णय घेता येत नाही. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील बारा श्रीमंत क्लबांनी सुपर लीग या आपल्या स्वतंत्र स्पर्धेची घोषणा केली तेव्हा त्यांत एकही जर्मन क्लब नव्हता. इंग्लंडचे सहा क्लब त्यात होते, आणि चाहते रस्त्यावर उतरल्यानंतर अवघ्या दोन दिवसांत त्यांनी माघार घेतली. एका देशात जे काम नियमाने शांतपणे झाले, त्यासाठी दुसऱ्या देशात मैदानाच्या दारात उभे राहावे लागले. गाण्याची निवड करण्याचा हक्क विकत घेतलेल्या चाहत्याला मी कमी लेखत नाही. त्याचे प्रेम खरेच आहे, पण त्या प्रेमाच्या बदल्यात त्याला जे मत मिळाले त्याला सुपर लीगसारख्या निर्णयात काहीच वजन नाही.

आमचा कोश आता आम्हीच वर्गणी काढून भाड्याने घेतलेल्या जागेवर आहे. हिशोब दर तिमाहीला सर्वांसमोर ठेवला जातो, आणि पत्त्याची नोंदणी तीन जणांच्या नावे आहे, जेणेकरून एकाला कंटाळा आला तरी पत्ता हातचा जाऊ नये. वाचक पूर्वीच्या मानाने फार थोडे येतात. जुन्या प्रतीवर आजही कोणी नवखा भर घालत असतो, आणि कधीकधी तिथली दुरुस्ती चांगली असते. तेव्हा आम्ही त्याचे नाव देऊन ती इकडे आणतो आणि त्याला निरोप पाठवतो. गेल्या महिन्यात अशाच एकाने वेढ्याच्या तिथीविषयी नवा मुद्दा काढला. चौथ्या भागातील भरतीच्या वर्णनावरून चंद्राची कला ठरवता येते, असे त्याचे म्हणणे आहे, आणि ते मला बरोबर वाटते. मी ती जुनी वही शोधून काढली आहे.